शालूताईंनी सांभाळून घेतलं

"बाई, याच्यात मी शेवटी मरतो का?"

शालूताई नाकाडेंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांची भूमिका वाचून दाखवून मी नुकतीच थांबले होते. कॉलेजच्या सेमिनार रूममध्ये कूलर घरघरत होता आणि एप्रिलच्या उन्हाने खिडकीच्या काचा तापल्या होत्या.

"नाही मरत," मी म्हटलं. "छोटंसं काम आहे. तुम्ही पेशंट, समोर विद्यार्थी. तो विचारेल, तुम्ही उत्तरं द्यायची. घंटा वाजली की तो जाईल, दुसरा येईल. त्याच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून."

"मनजे तोच प्रवेश दिवसभर?"

"दिवसभर."

"अन् मरत नाई." त्यांनी खेदाने मान हलवली. "मंग लोकाईले रडू कसं येईन?"

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मांडव पडतात आणि रात्रभर नाटकं चालतात. शालूताई त्या मांडवांतच लहानाच्या मोठ्या झालेल्या. सोशिक आई, खाष्ट सासू, नवऱ्याने टाकलेली बायको, सगळं करून चुकलेल्या. हंगाम संपला होता म्हणून त्या मला मिळाल्या. डॉक्टरांच्या परीक्षेत खोटा पेशंट व्हायचं हे त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या कॉलेजनेही ऐकलं नव्हतं.

त्यांची भूमिका साधी होती. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणारी बाई. थकवा येतो, चार पावलं चाललं की दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अंगात रक्त कमी आहे हे कुणीही सांगेल. पण ते का कमी झालं, तिथे खरी मेख होती. गुडघे दुखतात म्हणून ती किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खाते, त्या गोळीने पोटात जखम झालीय, आणि आतल्या आत रक्त जातंय. ज्याने गोळीबद्दल विचारलं नाही तो रक्तवाढीच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवणार, आणि ती घरी जाऊन पुन्हा तीच गोळी खाणार.

"आता हे लक्षात ठेवा," मी शालूताईंना बजावलं. "गोळीची गोष्ट तुम्ही आपणहून काढायची नाही. त्याने विचारलं तरच बोलायचं."

"अन् नाई विचारलं तं?"

"तर गप्प राहायचं."

"लेकराचं नुकसान होईन ना, बाई."

"होऊ दे. तीच तर परीक्षा आहे."

त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू मी त्यांच्यासमोर कुणाला तरी शिवी दिली होती. पण हो म्हणाल्या.

तेव्हा मी मेडिसिन विभागात नवीन लेक्चरर होते. डॉक्टर कसे घडवावेत याच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि डोकं नुसतं भणभणत होतं. आमच्याकडे डॉक्टर घडवायची पद्धत एकच, ती म्हणजे विभागप्रमुख डॉ. पांढरीपांडे सरांची तोंडी परीक्षा. सर मोठे डॉक्टर, यात वाद नाही. नाडीवर बोट ठेवून हृदयाची कुठली झडप बिघडलीय ते सांगायचे. पण शिकवायचे मात्र त्यांना जसं शिकवलं गेलं तसं, म्हणजे धारेवर धरून. विद्यार्थी पेशंटच्या खाटेशी उभा, सर समोर, आणि प्रश्नांची सरबत्ती इंग्रजीतून. जो फाडफाड बोलेल तो हुशार. जो थांबला तो मेला.

पौर्णिमा लांजेवार थांबायची.

ही लाखांदूरकडच्या एका खेड्यातली मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. वॉर्डात तिचं काम पाहावं असं होतं. बायका तिचा हात धरून ठेवायच्या, आमच्यासारख्या मोठ्या डॉक्टरांना न सांगितलेलं तिला सांगायच्या. सर समोर आले की मात्र तिची दातखीळ बसायची. त्यामुळे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि अंतर्गत गुण निम्मे नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. तिच्याबरोबरच्या मुली इंटर्न होऊन वॉर्डात औषधं लिहीत होत्या आणि ही अजून त्यांच्या मागे उभी राहून ऐकायची. गावी गेली की लोक विचारायचे, झाली का डॉक्टर? मग तिने गावी जाणंच सोडलं.

मी सरांच्या नाकदुऱ्या काढल्या. नट-नट्यांना पेशंट करायचं, प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तोच पेशंट, तेच दुखणं, कोपऱ्यात एक निरीक्षक बसून गुण देणार, आणि सगळं मराठीतून. मग हे निकाल आणि सरांच्या परीक्षेचे निकाल शेजारी ठेवून बघायचं, की चांगला डॉक्टर कुठली परीक्षा ओळखते.

"नाटकं करून डॉक्टर होतात का, बोरकुटे?" सर म्हणाले. पण नव्या शिक्षणपद्धती वापरा अशी वरून परिपत्रकावर परिपत्रकं येत होती आणि विभागाच्या नावावर संशोधन शून्य होतं. शेवटी म्हणाले, "करा. रिझल्ट बरा आला तर या वेळचे अंतर्गत गुण तुमच्या परीक्षेचेच धरू."

पौर्णिमाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मराठीत बोललं तर चालेल?"

"मराठीतच बोलायचंय."

तिने मान खाली घातली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी घंटा वाजवायला आणि खोल्याखोल्यांतून पळायला होते, त्यामुळे एका जागी बसून काही पाहणं झालंच नाही. दाराच्या फटीतून दिसल्या त्या शालूताई, कपाळाला हात लावून बसलेल्या, ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला. त्यांच्या खोलीतला निरीक्षक, दुसऱ्या विभागातला एक तरुण डॉक्टर, जेवायच्या सुट्टीत मला म्हणाला, "मॅडम, यांना एकदा खरंच तपासून घ्या. मला भीती वाटते."

निकाल लागला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. सगळ्या वर्गाने ती गोळी शोधून काढली होती. ज्या मुलांना वॉर्डात पेशंटचं नाव विचारायची आठवण राहत नाही, त्यांनीसुद्धा. सरांच्या परीक्षेत गटांगळ्या खाणारी पोरं माझ्या परीक्षेत तरंगत होती. पौर्णिमाही पास होती. तिचे गुण मात्र फार नव्हते, काठावरून थोडे वर. निरीक्षकाने शेरा मारला होता, 'मध्ये बराच वेळ गप्प.' मला जरा खट्टू वाटलं, पण पास ती पास.

सरांनी निकाल पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"बोरकुटे, हा पेपर राष्ट्रीय परिषदेत जातो," ते म्हणाले. "माझं नाव पहिलं राहील. ते तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन पौर्णिमाला सांगितलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्याच दिवशी तिने घरी फोन केला.

मग आठवडाभराने शालूताई ओपीडीत आल्या. नातवाला ताप होता. त्याला तपासून घेतलं आणि त्यांना माझ्या टेबलाशी बसवून चहा मागवला.

"लेकरं पास झाले ना, बाई?"

"सगळे झाले. तुमच्या खोलीत तर कुणी चुकलंच नाही."

"होतीनच." त्या बशीत चहा ओतत समाधानाने म्हणाल्या. "एकाले बी पडू नाई देलं मी."

कपाकडे गेलेला माझा हात तिथेच थांबला.

"म्हणजे?"

"मनजे काय? सांभाळून घेतलं. येत, बसत, अन् दोन गोष्टी विचारून झाल्या का तोंडाकडे पाहत माह्या. घाम फुटे बिचाऱ्याईले. मंग मी गुडघा चोळू हळूच. तरी नाई समजलं तं कण्हू. तरी नाई समजलं तं 'त्या दुकानदाराचं भलं होवो' एवढं मनू. मंग विचारतच, मावशी, दुकानातून काय घेता?"

"शालूताई, मी तुम्हाला सांगितलं होतं. आपणहून काही बोलायचं नाही."

"बोललोच नाई मी. गुडघा चोळला." त्यांनी बशी खाली ठेवली. माझा चेहरा पाहून त्या गोंधळल्या होत्या. "बाई, मांडवात समोरचा आपलं भाषण विसरला, तं आपण काय गंमत पाहत उभं राहाचं? त्याच्या तोंडचं वाक्य आपल्या वाक्यात घालून त्याले उचला लागते. एक पडला का नाटक पडते. इतकी वर्सं तेच केलं. माह्यासमोर लेकरू घाबरून उभं आहे, अन् मी गप्प बसू?"

चूक त्यांची नव्हतीच. रंगभूमीवरचा सगळ्यात चांगला गुण त्यांनी माझ्या परीक्षेत आणला होता, आणि त्या गुणाने परीक्षा पार धुऊन गेली होती. इतके दिवस जी आकडेवारी मी मिरवत होते, ती पोरांची नव्हती, शालूताईंच्या गुडघ्याची होती.

मला एकच सुचलं. "एक मुलगी होती," मी विचारलं. "सावळी, जाड वेणीची. तिलाही सांभाळलंत?"

"ते? लाखांदूरकडची?" शालूताईंचा चेहरा खुलला. "तिले कायले सांभाळू? तिनं मले सांभाळू देलंच नाई. दोन गोष्टी विचारल्या अन् गप्प बसली. मले वाटलं, अडकली हे पोर. मी गुडघ्याकडे हात नेला. तं मनते कशी, 'मावशी, घाई नका करू. मी बसली आहे.' अन् बसलीच बाप्पा. नुसती पाहत माह्याकडे. मले समजेना पुढं काय बोलाव. एवढी वर्सं झाली, मंचावर मी पयल्यांदा माहं भाषण विसरलो. मंग हळूच मनते, 'रोवणीत वाकून वाकून अंग दुखत असन. मंग काय करता?' अन् मी सांगून मोकळी. गोळी, संडासले काळं पडते ते, सगळं. नाटकातलं सोडून माह्या घरचं बी सांगून बसलो असतो, पण घंटा वाजली."

निरीक्षकाचा शेरा माझ्या डोळ्यांसमोर आला. अख्ख्या वर्गात जिने स्वतः शोधून काढलं ती ही एकटी, आणि गप्प बसली म्हणून तिचेच गुण कापले गेले होते.

त्या दुपारी माझ्या डोक्यात जो गोंधळ माजला तो आठवला की आजही तिडीक जाते. गप्प राहिले तर खोटा निकाल देशभर मिरवणार, आणि उद्या कुणीतरी त्यावर विसंबून आपल्या मुलांना अशाच परीक्षेला बसवणार. बोलले तर परीक्षा बाद, आणि जिच्यावर या सगळ्याचा काडीचाही परिणाम झाला नव्हता तीच मुलगी पुन्हा सरांच्या तोंडी. माझ्याकडे तिच्या बाजूने साक्ष होती ती एका नटीची, आणि तीही 'मी हिला मदत केली नाही' अशी. असली साक्ष कुठल्या तक्त्यात बसवायची?

मी बोलले. संशोधन करायला निघालेल्या माणसाला दुसरा रस्ता नसतो, आणि आजही मी तेच करीन. मी सरांना म्हटलं, "सर, पेपर थांबवू या. नटांना पुन्हा शिकवते, पुन्हा परीक्षा घेऊ. तोवर मुलांचे अंतर्गत गुण रोखून धरा."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझं संपल्यावर टेबलावरची पेन्सिल उचलली.

"म्हणजे त्या बाईने उत्तरं फोडली."

"फोडली नाहीत सर. सांभाळून घेतलं."

"एकच ते. मग हे गुण अंतर्गत परीक्षेला धरता येणार नाहीत. नेहमीची तोंडी परीक्षा घेऊ, सोमवारपासून."

"आणि पेपर?"

"पेपरचा काय संबंध? तो गेलाय."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "सर, जे गुण खोटे म्हणून मुलांना द्यायचे नाहीत, तेच गुण पेपरमध्ये खरे?"

"पेपर पद्धतीबद्दल आहे, बोरकुटे. पद्धत चांगलीच आहे. अंमलबजावणीत थोडं इकडेतिकडे होतं."

म्हणजे बरोबर उलट. जे ठेवायचं ते फेकलं आणि जे फेकायचं ते ठेवलं. मी माझं नाव पेपरवरून काढायला सांगितलं, त्यांनी आनंदाने काढलं. मला राहवेना. मी म्हटलं, "सर, तुमच्या तोंडी परीक्षेत दयारामबाबा असतात. तेही सगळ्या मुलांना उत्तर सांगतात. ते चालतं?"

दयारामबाबा हे आमचे परीक्षेचे पेशंट. त्यांच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापाने आकसलेली. असा ठसठशीत पेशंट नेहमी मिळत नाही, म्हणून दर परीक्षेला वॉर्डातून निरोप जायचा, आणि बाबा स्वच्छ धोतर नेसून हजर व्हायचे. स्वतःच्या रोगाचं इंग्रजी नाव ते अर्ध्या वर्गापेक्षा स्पष्ट उच्चारायचे. घाबरलेलं पोर दिसलं की पुढे वाकून हळूच सांगायचे, "मायट्रल स्टेनोसिस मन, बेटा." सगळ्या विभागाला हे ठाऊक होतं. सर स्वतः विद्यार्थी असताना त्यांनाही असाच कुणीतरी बाबा भेटला असणार.

"ती परंपरा आहे," सर म्हणाले.

सोमवारी पौर्णिमाच्या वाट्याला दयारामबाबाच आले. मी दुसरी परीक्षक होते, पण सर असताना दुसरा परीक्षक म्हणजे सही करणारा हात. आम्ही दुसऱ्या विद्यार्थ्याकडे होतो तेव्हा मी लांबून पाहत होते. बाबा पुढे वाकले, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. तिने मान हलवली. मग ती स्टूल ओढून खाटेजवळ बसली, आणि बसूनच राहिली. बराच वेळ बाबाच बोलत होते. एकदा त्यांनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावलेला दिसला.

आम्ही तिच्या खाटेशी पोहोचलो. सरांनी इंग्रजीत विचारलं, निदान काय?

पौर्णिमा उभी राहिली. तिचा रंग उडाला होता. मराठीतच म्हणाली, "सर, यांनी मला निदान आधीच सांगितलंय. ते सांगू, की मी तपासून काढलेलं सांगू?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

"दोन्ही वेगळं आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मायट्रल स्टेनोसिसच आहे. पण बाबांनी औषधं बंद केलीत. दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी वारल्या. गोळ्या त्याच काढून द्यायच्या. आता यांना कुठली कधी घ्यायची माहीत नाही, म्हणून घेतच नाहीत. झोपेत दम लागतो, भिंतीला टेकून बसतात. पायांवर सूज आहे."

सरांनी बाबांच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, आणि मागे उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला म्हणाले, "यांना आजच भरती कर. आत्ता."

त्या क्षणी मला वाटलं, झालं. आता या मुलीला कुणी अडवत नाही.

सर पौर्णिमाकडे वळले. हृदयाचा पहिला ध्वनी कसा येतो, दुसरा कसा, कुठे ऐकायचा, कुठल्या क्रमाने सांगायचा, सगळं इंग्रजीतून, एकामागून एक. ती पहिल्या दोन प्रश्नांना अडखळत बोलली. तिसऱ्याला तिची दातखीळ बसली.

"एवढा वेळ होता तुझ्याकडे," सर म्हणाले. "आम्ही तिकडे होतो तेव्हा तू नुसती बसली होतीस. मी पाहत होतो. गप्प का बसली होतीस?"

"ते बोलत होते, सर," पौर्णिमा म्हणाली.

सरांनी तिला नापास केलं. काठाच्या जरा खाली. मी कपाळ बडवायचंच बाकी ठेवलं. "सर, तिने सांगितलं म्हणून तुम्ही पेशंट भरती केलात. बाबा वर्षानुवर्षं येतात, तुम्ही-मी कुणी विचारलं का औषध घेता का म्हणून?"

"ते चांगलंच केलं तिने," सर अगदी मनापासून म्हणाले. हा माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. "पण परीक्षा निदानाची आणि तपासणीची होती. पेशंटशी गप्पा नर्सही मारते. हिला बोलता येत नाही, वेग नाही. विद्यापीठाचे परीक्षक हिला फाडून खातील. मी तिच्या भल्यासाठीच थांबवतोय."

मी सही करणार नाही म्हणाले. सरांनी बेल वाजवली, शेजारच्या युनिटमधल्या लेक्चररला बोलावलं, त्याने उभ्याउभ्या सही केली आणि जाताना माझ्यापुढचं बिस्किट उचललं. एवढं महत्त्व होतं माझ्या बाणेदारपणाला.

मी डीनकडे अर्ज केला. उत्तर आलं, की परीक्षा प्रमुखांचा निर्णय अंतिम. शालूताईंचं म्हणणं लेखी घेऊन दिलं. त्याला उत्तरही आलं नाही. नटांना पुन्हा शिकवून परीक्षा घ्यायचा माझा प्रस्ताव 'प्रयोग यशस्वी झाला असल्याने पुनरावृत्तीची गरज नाही' असा शेरा घेऊन परत आला. पावसाळ्यात सर परिषदेला जाऊन पेपर वाचून आले. त्याची पितळी पाटी त्यांच्या टेबलावर आली.

पौर्णिमा पुढच्या परीक्षेपर्यंत लायब्ररीत बसली. वॉर्डात येईनाशी झाली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिथे वेळ जातो." आरशासमोर उभी राहून ती इंग्रजी वाक्यं पाठ करते असं तिची खोलीतली मैत्रीण सांगायची. मला बरंच वाटलं. पास तर व्हायला हवं ना, मी स्वतःलाच समजावलं.

परीक्षेला पुन्हा दयारामबाबा आले. चेहऱ्यावर तजेला होता, पायांवरची सूज उतरली होती. योगायोगाने पौर्णिमाला पुन्हा तेच मिळाले. या खेपेला मी मुद्दाम जवळ उभी राहिले. तिला पाहताच बाबांचं तोंड हसरं झालं. ते उठून बसले.

"आली का बेटा? तुले सांगतो, मी..."

"बाबा," ती हातातल्या घड्याळाकडे पाहत म्हणाली, "मी विचारते तेवढंच सांगा."

बाबा गप्प झाले. तिने विचारलं, त्यांनी हो-नाही म्हटलं. तिने ठोकून पाहिलं, ऐकलं, आडवं झोपवलं, कुशीवर वळवलं. सर आले. पौर्णिमाने एकाही ठिकाणी न थांबता इंग्रजीत सगळं म्हणून दाखवलं, पहिला ध्वनी, दुसरा ध्वनी, निदान, उपचार. सरांनी विचारायच्या आधी पुढच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. कधी नव्हे ते सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"बघा बोरकुटे," ते मला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? थांबवली म्हणून सुधारली."

ती आज कुठल्याशा मोठ्या शहरात नावाजलेली डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यात रांग लागते आणि रांग भराभर हलते, असं ऐकते.

त्या दिवशी सर पुढच्या खाटेकडे गेले आणि पौर्णिमा त्यांच्या मागोमाग बाहेर पडली. दयारामबाबा पाय खाली सोडून बसले होते. त्यांच्या शर्टाचं बटण उघडंच राहिलं होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "बाबा, मघाशी काय सांगत होतात तिला?"

"काई नाई, बाई," बाबा बटण लावत म्हणाले. "औषध रोज घेऊन राहिलो, एवढंच सांगाचं होतं तिले. पण तिनं ते विचारलंच नाई."